काटा बोलतो, ते नीट ऐकायचं कसं? : जुनी सिरियल यंत्रं नेटवर्कला जोडताना

(हर्णे इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

लिलावाची वेळ जवळ येतेय आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे कान बंदराकडे लागलेत, हे आम्हाला दिसतंय. त्यामुळे पाल्हाळ न लावता थेट विषयाला हात घालतो.

मच्छीच्या शेडमध्ये इलेक्ट्रॉनिक काटा असतो. त्याच्या मागे नऊ पिनांचं एक सॉकेट असतं. काटा घेतला त्या दिवसापासून त्यात बहुतेक कोणी काही घातलेलं नसतं, आत फक्त धूळ आणि मीठ. बर्फाच्या कारखान्यात तापमानाचा कंट्रोलर असतो, विजेचा मीटर असतो, त्यांनाही दोन स्क्रू असतात जिथे कधी वायर लागलेली नसते. होडीवर जीपीएस आणि फिश फाइंडर असतो, त्याच्या मागूनही वायरींचा एक झुपका बाहेर आलेला असतो. ही सगळी यंत्रं बोलतात. वर्षानुवर्षं बोलतायत. ऐकायला कोणी नसतं, एवढंच.

आणि मग एक दिवस कोणीतरी सांगतं, "हे जुनं झालं, वायफायवालं नवीन घ्या." आमचं म्हणणं, घाई करू नका. यंत्र चालतंय ना? मग बहुतेक वेळा त्याला नेटवर्कवर आणता येतं, तेही थोडक्या खर्चात. पण आणताना एक धोका असतो आणि आज मुख्यतः त्याबद्दलच बोलायचंय. आकडा पोचला म्हणजे त्याचा अर्थ पोचला, असं नाही.

मधली बैलगाडी

हर्ण्यात हे समजावून सांगायला फार सोपं आहे. मोठी होडी वाळूपर्यंत येत नाही, खोल पाण्यात उभी राहते. टेम्पो पाण्यात जात नाही. मग मधे बैलगाडी. ती पाण्यात उतरते, टोपल्या घेते आणि किनाऱ्यावर आणते. सिरियल यंत्र म्हणजे ती होडी, नेटवर्क म्हणजे डांबरी रस्ता, आणि दोघांच्या मधे जो छोटा डबा लागतो तो बैलगाडी. माल होडीत ताजा असतो, रस्त्यावरही नीट जातो. गोंधळ व्हायचा तर मधेच होतो. टोपली सांडते, नाहीतर याची टोपली त्याच्या नावावर जाते. आमच्या कामातही नव्वद टक्के भानगडी या मधल्या टप्प्यातच असतात.

सिरियल म्हणजे नेमकं काय?

सिरियल म्हणजे एका वायरीवरून एकामागून एक ठोके पाठवणं. समोर कनकदुर्गावर दीपगृह आहे. दीपगृह काय करतं? दिवा ठरलेल्या तालात लागतो, विझतो. बघणाऱ्याला तो ताल माहीत असेल तर तो ओळखतो, हे अमुक ठिकाण. ताल माहीत नसेल तर नुसताच उजेड. सिरियलमध्येही तसंच. ताल आधी ठरलेला असावा लागतो, त्याला आपण बॉड रेट म्हणतो. एमिल बॉदो नावाच्या फ्रेंच तारयंत्र तज्ज्ञाच्या नावावरून तो शब्द आला. म्हणजे या सगळ्याचं मूळ तारयंत्रात आहे.

काट्यामागचं ते सॉकेट ज्या पद्धतीनं बोलतं तिला आरएस-२३२ म्हणतात. हे मानक अमेरिकेत १९६० साली आलं. वायरीवर उणे तीन व्होल्टच्या खाली असेल तर 'एक', अधिक तीनच्या वर असेल तर 'शून्य'. एक अक्षर पाठवायला साधारण दहा ठोके: सुरुवातीचा एक, अक्षराचे आठ, शेवटचा एक. म्हणून ९६०० चा वेग असेल तर सेकंदाला ९६० अक्षरं. आजच्या हिशोबात हा वेग फारच कमी. पण काट्याला सांगायचं असतं 'बारा किलो साडेचारशे ग्रॅम', त्याला किती अक्षरं लागतात?

वायरी तीनच लागतात. संगणकाच्या नऊ पिनांच्या पोर्टवर दोन नंबरला ऐकायचं, तीन नंबरला बोलायचं, पाच नंबर ग्राउंड. काट्याच्या बाजूला दोन आणि तीन उलट असू शकतात. म्हणून पहिल्यांदा काहीच आलं नाही तर यंत्र बिघडलंय असं समजू नका, आधी क्रॉस केबल लावून बघा.

आणि काहीतरी आलं, पण अर्धवट विचित्र आलं तर? यात एक गंमत आहे, लिहून घ्या. समजा ०, ३, ५, ६, ९ हे आकडे नीट दिसतायत आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी भलतीच चिन्हं येतायत. याचा अर्थ वेग बरोबर आहे, पॅरिटी चुकलीय. काटा सात बिट आणि सम पॅरिटीनं बोलतोय, तुम्ही आठ बिट समजून ऐकताय. ज्या आकड्यांत 'एक' ची संख्या विषम आहे तेवढेच बिघडतात. सेटिंग बदला, सगळे आकडे जागेवर येतील. आणि सगळंच कडबोळं येत असेल तर वेग चुकलाय.

तीन यंत्रं, बोलण्याच्या तीन तऱ्हा

काटा हा एकाशीच बोलणारा. आरएस-२३२ ची केबल जुन्या मानकाप्रमाणे पन्नास फूट, म्हणजे साधारण १५ मीटर.

बर्फाच्या कारखान्यातला कंट्रोलर किंवा मीटर बहुधा आरएस-४८५ वर असतो. हे मानक १९८३ चं. दोन वायरींमधला फरक मोजायचा, त्यामुळे मोटारींच्या गोंगाटातही निरोप टिकतो. वेग कमी ठेवला तर १२०० मीटरपर्यंत जातो आणि एका वायरीवर बत्तीस यंत्रं बसतात. आता बत्तीस जण एकदम बोलले तर काय होईल? म्हणून मॉडबस ही शिस्त. ती १९७९ साली मॉडिकॉन कंपनीनं आणली. शाळेतल्या हजेरीसारखी आहे ती. बाई नंबर पुकारतात, ज्याचा नंबर तोच 'हजर' म्हणतो, बाकीचे गप्प.

तिसरी तऱ्हा होडीवरच्या जीपीएसची. तिला एनएमईए-०१८३ म्हणतात. वेग ४८००. हा जीपीएस दीपगृहासारखा असतो. कोणी बघो न बघो, सारखं वाक्य सोडत राहतो. वाक्य डॉलरच्या चिन्हानं सुरू होतं, मग स्वल्पविराम देऊन वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा. शेवटी ताऱ्याचं चिन्ह आणि दोन अक्षरांची बेरीज-तपासणी, म्हणजे चेकसम.

डबा कुठला लावायचा?

तीन मार्ग आहेत. पहिला, शेडमध्ये संगणक असेलच तर यूएसबी कन्व्हर्टर लावायचा आणि 'सेर-टू-नेट'सारखा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवायचा. तो सिरियल पोर्टवरचं सगळं नेटवर्कच्या एका पोर्टवर ठेवतो. दुसरा, तयार डबा, ज्याला बाजारात सिरियल डिव्हाइस सर्व्हर म्हणतात. एका बाजूला नऊ पिना, दुसऱ्या बाजूला इथरनेट. महाग पडतो, पण लावून विसरून जाता येतं. तिसरा, ईएसपी-३२ सारखा छोटा बोर्ड घ्यायचा आणि स्वतः प्रोग्राम लिहायचा. पोरांना हा आवडतो. फक्त एक सांगतो, काट्याची वायर त्या बोर्डाला थेट लावू नका. काट्यातून दहा-बारा व्होल्ट येऊ शकतात आणि बोर्डाला सोसतात ३.३. मधे मॅक्स-३२३२ ची चकती घाला, नाहीतर बोर्ड जळेल.

केबल लांबवायची असेल तर सिरियल केबल लांबवू नका. डबा काट्याच्या शेजारी ठेवा आणि पुढे इथरनेट न्या, ती १०० मीटर जाते. तिच्या दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे शेडचं अर्थिंग आणि ऑफिसचं अर्थिंग वेगवेगळं असलं तरी पोर्ट उडत नाही. आणि हा आपला किनारा. खारा वारा तांब्याला सोडत नाही. डबा बंद पेटीत ठेवा, वायर पेटीत खालच्या बाजूनं घ्या म्हणजे पाणी वायरीवरून आत उतरणार नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत एकदा सगळे जोड उघडून साफ करा.

आमची फजिती

आता मुख्य मुद्दा. एका मच्छी खरेदीच्या शेडमध्ये आम्ही काटा जोडला. गाव सांगत नाही. सगळं छान चाललं. काटा वजन सांगायचा, ऑफिसात पडद्यावर यायचं, पावती छापली जायची. चौथ्या दिवशी माल आणणाऱ्या एका मावशींनी पावती हातात घेतली आणि म्हणाल्या, "ही पाटी माझ्या डोक्यावरून आलीय. दोन किलोची पाटी कशी असते, मला कळत नाही होय?"

पावतीवर २.४५० होतं. काट्यावर १२.४५० होतं.

काट्यानं बरोबर सांगितलं होतं. नेटवर्कनंही एक अक्षर गाळलं नव्हतं. मग दहा किलो गेले कुठे? काट्यानं ओळ पाठवली, '००१२.४५०'. ती दोन तुकड्यांत पोचली: आधी '००१', थोड्या वेळानं '२.४५०'. आमच्या प्रोग्रामनं जो तुकडा हाताला लागला तो वजन म्हणून घेतला. नेटवर्कची टीसीपी ही पद्धत अक्षरं क्रमानं पोचवते, पण ओळ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याची जबाबदारी ती घेत नाही. ती जबाबदारी आमची होती. आम्ही ती घेतली नव्हती.

मावशींचे पैसे शेडच्या मालकांनी लगेच दिले. पण आधीच्या तीन दिवसांत कुणाची पाटी अशीच गेली असेल, ज्यानं पावती वाचलीच नाही, त्याचं काय? हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेलेला नाही. हातानं लिहिलेल्या वहीवर माणूस भांडतो. छापील पावतीवर भांडत नाही, यंत्र खोटं कशाला बोलेल म्हणतो. म्हणून यंत्र जोडणाऱ्यानं जास्त सांभाळायला हवं.

त्यानंतर आम्ही काही नियम करून घेतले. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत थांबायचं. जोडणी झाल्यावरची पहिली ओळ फेकून द्यायची, कारण ती मधूनच पकडलेली असू शकते. ओळीची लांबी मोजायची, एक अक्षर कमी असलं तरी ती ओळ बाद. काही काटे वजनाबरोबर 'स्थिर' किंवा 'हलतंय' अशी खूण पाठवतात. 'हलतंय' असेल तर पावती छापायची नाही. वाऱ्यात, ओल्या पाटीतून पाणी गळत असताना काटा हलतोच. आणि पाच सेकंद काहीच आलं नाही तर पडद्यावरचा जुना आकडा पुसून टाकायचा. वायर निघालीय आणि पडद्यावर मागच्या पाटीचं वजन तसंच आहे, याच्याइतकं वाईट काही नाही.

गुहागरला गेलेली होडी

दुसरं उदाहरण याहून गंभीर आहे. ते आम्ही तुमच्यासमोर कागदावर मांडतो. हर्ण्याचा अक्षांश साधारण १७ अंश ४९ मिनिटं. होडीवरचा जीपीएस हे कसं लिहितो? '१७४९' आणि पुढे मिनिटांचे दशांश. अंश आणि मिनिटं चिकटून. नव्यानं प्रोग्राम लिहिणाऱ्याला वाटतं, हे १७.४९ अंश. तो दोन आकड्यांनंतर टिंब देतो आणि नकाशावर ठिपका टाकतो.

पण एका अंशात साठ मिनिटं असतात. ४९ मिनिटं म्हणजे ०.८२ अंश. खरी जागा १७.८२, दाखवली १७.४९. फरक किती? जवळजवळ वीस सागरी मैल, म्हणजे ३६ किलोमीटर. होडी हर्ण्यासमोर, नकाशावर ठिपका गुहागरासमोर.

आता विचार करा. ठिपका जमिनीवर पडला असता, नाहीतर अरबस्तानात पडला असता, तर कोणीही म्हटलं असतं की काहीतरी चुकलं. पण ठिपका समुद्रातच आहे, आपल्याच किनाऱ्याला आहे, होडी हलली की तोही हलतो. चेकसम बरोबर आहे, कारण वाक्य अक्षर न अक्षर नीट आलंय. इंजिन बंद पडलं, घरच्यांनी तटरक्षक दलाच्या १५५४ नंबरवर फोन केला आणि पडद्यावर बघून जागा सांगितली, तर शोध कुठे सुरू होईल?

उलट बर्फाच्या कारखान्यातली चूक बघा. मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान समजा उणे १२.५ आहे. कंट्रोलर ते दशांशात, उणे १२५ असं धरतो. ऐकणाऱ्यानं ऋण चिन्ह विचारात घेतलं नाही तर पडद्यावर येतं ६५४११. ही चूक बरी, कारण ती ओरडून सांगते की मी चूक आहे. खरी भीती बरोबर दिसणाऱ्या चुकीची.

दार उघडं ठेवू नका

ही जुनी यंत्रं भोळी आहेत. त्यांना पासवर्ड माहीत नाही. त्यांच्या काळात ऐकणारा म्हणजे वायरीच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस, ओळखीचाच. नेटवर्कवर आणलं की ऐकणारे आणि बोलणारेही वाढतात. बऱ्याच काट्यांना सिरियलवरून 'शून्य कर' किंवा 'टेअर कर' असा हुकूम देता येतो. म्हणजे कोणी ऑफिसात बसून शेडमधला काटा शून्य करू शकेल.

याला आमच्याकडे सगळ्यात स्वस्त उपाय आहे. काटा आपणहून वजन पाठवत असेल तर हुकूम नेणारी वायर लावूच नका. काट्याची बोलायची वायर आणि ग्राउंड, दोनच जोडा. प्रोग्राममधली परवानगी कोणी बदलू शकतो, न लावलेल्या वायरीतून कोणी हुकूम पाठवू शकत नाही. काही काटे मात्र विचारल्याशिवाय बोलत नाहीत, तिथे दोन्ही वायरी लागतात. मग डबा वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. आणि बाहेरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये त्या डब्याचं पोर्ट इंटरनेटला उघडून देऊ नका. मॉडबसचं ५०२ पोर्ट तर अजिबात नाही.

आणखी एक. काट्याला वैधमापन शास्त्र विभागाचं सील असतं. जोडणी मागच्या सॉकेटमधूनच करायची. सील तोडून आत वायर डकवायची नाही. सील तुटलं की काटा कितीही बरोबर दाखवो, व्यवहाराला तो चालत नाही.

प्रश्नोत्तरं

एका श्रोत्यांनी विचारलं, "लाइट गेली की काय होतं?" उत्तर: छोट्या संगणकांत बऱ्याचदा बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. लाइट येते, नेट येत नाही, आणि मधल्या वेळातल्या नोंदींवर भलतीच तारीख पडते. म्हणून दोन-तीनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल लावा आणि वेळेचा शिक्का काट्याजवळच्या डब्यातच मारा. ऑफिसात पोचल्यावर मारला तर नेट बंद असताना साठलेल्या सगळ्या पाट्या एकाच मिनिटात आल्यासारख्या दिसतील.

दुसरा प्रश्न एका मुलीचा होता. "जोडणी बरोबर झाली, हे ओळखायचं कसं?"

चांगला प्रश्न. संगणकावर बसून ओळखता येत नाही, उठून जावं लागतं. शिक्का असलेलं पाच किलोचं वजन काट्यावर ठेवा. काट्यावर काय दिसतं, पडद्यावर काय येतं, पावतीवर काय छापतं, तिन्ही जुळवा. मग वीस किलोचं ठेवा, म्हणजे दहाच्या वरचा आकडा गळतोय का ते कळेल. ठेवताना मुद्दाम हलवा, पावती छापली जाता कामा नये. मधेच वायर काढा, पडदा कोरा झाला पाहिजे. होडीचं असेल तर होडी बंदरात उभी असताना तिच्यावर जा, खिशातला मोबाइल काढा आणि दोन्ही ठिपके एकाच जागी पडतात का बघा. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ते करताना ज्याची पाटी आहे, ज्याची होडी आहे, त्याला शेजारी उभं करा. पाटीचं वजन त्याला आपल्यापेक्षा आधी कळतं.

चला, गाड्या पाण्यात उतरायला लागल्या. इथेच थांबतो.